दानवं नव्हे, वाळा

मृगाचा पाऊस दोन दिवस लागून राहिला, की बिद्री-बोरवड्याच्या बाजूला न्हाणीच्या मोरीतून, परड्यातल्या दगडाखालून, तुळशीच्या कुंडीच्या बुडातून काळं, बारीक, वळवळणारं काहीतरी बाहेर येतं. "दानवं हाय ते, टाक भाईर," एक म्हणते. दुसरीचा त्यावर विश्वास नसतो. "दानवं कुठलं? किरडाचं पिल्लू हाय. हिथंच कुठंतर आई असंल त्येची." मग कुणी मीठ आणतं, कुणी गरम पाणी ओततं, कुणी चपलेनंच निकाल लावतं.

ते दानवं, म्हणजे गांडूळ नसतं आणि किरडाचं, म्हणजे मोठ्या सापाचं पिल्लूही नसतं. तो पुरता वाढलेला साप असतो. मराठीत त्याला वाळा म्हणतात, शास्त्रीय नाव इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस. जगात सर्वांत दूरवर पसरलेला जमिनीवरचा साप कोणता, याचं उत्तर अजगर नाही, नाग नाही, हाच तो. आणि तुमच्या मोरीत आलेला वाळा नर की मादी, हे विचारायचीही गरज नाही. ती मादीच असते. या जातीत नर नाहीतच.

पण आधी ओळख पटवू. वाळा सुपलीवर घेऊन पांढऱ्या ताटलीत सोडला आणि साधं भिंग धरलं, की पहिल्या मिनिटातच गांडुळाचा प्रश्न मिटतो. गांडूळ ओलं, चिकट असतं, अंगावर वळ्या असतात आणि ते अंग ताणत, आखडत पुढे सरकतं. वाळा कोरडा आणि तुकतुकीत. तो दोन्ही बाजूंना झोके घेत भराभर पळतो. गुळगुळीत ताटलीत पकड मिळाली नाही, की त्याची नुसती तडफड होते. मध्येच तोंडाशी काहीतरी लवलवतं. ती जीभ, दोन टोकांची, फिकट, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. गांडुळाला जीभ कुठली?

आता खवले पाहा. नाग, धामण, दिवड, कोणताही ओळखीचा साप उलटा केला तर पोटाखाली आडवे, रुंद पट्टे दिसतात. वाळ्याला ते नाहीत. पाठीवर जसे बारीक, गोलसर, एकमेकांवर बसवलेले खवले, तसेच पोटावर. मधोमध अंगाभोवती मोजले तर खवल्यांच्या २० रांगा भरतात. ही २० ची संख्या अभ्यासकांसाठी जातीची मोठी खूण आहे, कारण वाळ्यासारखे दिसणारे त्याचे भाऊबंद पुष्कळ आहेत. रंग काळपट तपकिरी, पोटाकडे थोडा फिका. कात टाकायच्या बेतात असला तर निळसर राखाडी दिसतो, आणि त्याच जागी आठवड्याने काळा साप दिसला म्हणजे दुसरा आला असं नाही. लांबी सहसा १० ते १५ सेंटिमीटर, जाडी काही मिलिमीटर.

डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं, हे कळायला थोडा वेळ लागतो. दोन्ही टोकं बोथट, मान नाही. भिंगातून पाहिलं तर एका टोकाला खवल्याच्या आत बुडालेले दोन काळे ठिपके दिसतात. हे डोळे. पापणी नाही, बुबुळ वेगळं दिसत नाही; उजेड आणि अंधार एवढाच फरक त्यांना कळतो. जमिनीखाली राहणाऱ्याला तेवढा पुरतो, कारण उजेड लागला म्हणजे आपण वर आलो, आता खाली जायला हवं, एवढंच त्याला जाणायचं असतं. दुसऱ्या टोकाला बारीक काटा. मातीत पुढे घुसताना वाळा तो काटा मागे टेकवून जोर लावतो. हातात धरला तर तोच काटा तळव्यावर टोचून पाहतो. "नांगी मारली" असं जे म्हणतात ते हेच. त्या काट्यात विष नाही. तोंडातही नाही. तोंड मुस्कटाच्या खालच्या अंगाला आणि इतकं लहान, की माणसाची कातडी त्यात मावत नाही.

आता पिल्लाच्या शंकेकडे येऊ, कारण ती शंका गंभीर आहे आणि घाबरणाऱ्या माणसाला वेड्यात काढणं बरोबर नाही. या शिवारात नाग, मण्यार, घोणस सगळेच आहेत. नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हाच वीतभर किंवा त्याहून लांब असतं आणि पहिल्या दिवसापासून फणा काढतं. मण्यारीचं पिल्लूही साधारण तेवढंच, काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे घेऊन आलेलं. घोणशीचं पिल्लू जाडसर, पाठीवर साखळीसारखे ठिपके. फुरशाचं पिल्लू मात्र वाळ्याएवढं लहान असू शकतं, म्हणून नुसत्या लांबीवर जाऊ नये. पण फुरशाचं डोकं रुंद, मान बारीक, डोळे मोठे आणि खवले खरखरीत असतात. थोडक्यात, ज्या सापाला मान दिसते, डोळे स्पष्ट दिसतात किंवा अंगावर नक्षी दिसते, तो वाळा नव्हे. त्याला हात लावायचा नाही, सर्पमित्राला बोलवायचं. आणि साप कोणताही असो, त्याची आई पिल्लांच्या मागे फिरत नसते. बाहेर पडलेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून एकटंच असतं.

बिद्रीहून पश्चिमेला राधानगरी-दाजीपूरच्या अंगाला सरकलं, की आणखी दोन जीव गोंधळात भर घालतात. एक देवगांडूळ. हा साप नाही, गांडूळही नाही. तो बेडकांचा बिनपायांचा नातलग आहे. त्याचं अंग ओलं आणि कंगोऱ्यांचं असतं. आंबोलीच्या परिसरातून २००३ साली एक देवगांडूळ विज्ञानाला नव्याने माहीत झाला आणि त्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं गेलं. दुसरा खापरखवल्या. हा खरोखरचा साप, वाळ्याहून जाड आणि लांब, त्याची शेपटी तिरकी छाटल्यासारखी असते. खापरखवल्यांचं कूळ भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडून जगात कुठेही नाही. सह्याद्रीच्या सावलीतली ओली, भुसभुशीत माती सोडायला ते तयार नाहीत. त्याच मातीत राहणारा वाळा मात्र सगळी दुनिया फिरून आला. असं का झालं, याचं उत्तर त्याच्या खाण्यात आणि त्याच्या प्रजननात आहे.

खाणं म्हणजे मुंग्या आणि वाळवी. त्यातही त्यांची अंडी, अळ्या, कोष. दूधगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत याची कधीच टंचाई नसते. काळम्मावाडीच्या पाण्यावर ऊस बारमाही उभा, सरीत पाचट पडलेलं, बांधाला शेणखताचा ढीग, घराच्या भिंतीत जुनं लाकूड. वाळ्यासाठी हे भरलेलं कोठार आहे. पण मुंग्यांच्या वारुळात घुसणं सोपं काम नव्हे. आत हजारो चावणारी तोंडं असतात. वाळ्याचे गुळगुळीत, घट्ट बसलेले खवले हे त्याचं चिलखत. मुंगीला धरायला कुठे कडाच मिळत नाही. तरीही आत फार वेळ थांबता येत नाही, म्हणून पटापट खावं लागतं.

आणि या घाईसाठी त्याच्या जबड्याची रचना इतर सापांहून पार वेगळी आहे. धामण उंदीर गिळते तेव्हा जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी, असं हळूहळू शिकारीवर चढत जाते. त्याला पाच-दहा मिनिटंही लागतात. वाळ्याला खालच्या जबड्यात दातच नाहीत. दात फक्त वरच्या जबड्याच्या दोन छोट्या हाडांवर, आणि ती हाडं सुटी, बिजागरीवर बसवल्यासारखी. ती आळीपाळीने आत-बाहेर फिरतात आणि अळ्या भराभर घशात ओढतात. अमेरिकेतल्या नेथन क्ले या अभ्यासकाने आंधळ्या सापांच्या खाण्याचं चित्रीकरण करून ही यंत्रणा उलगडून दाखवली, तोवर हे साप खातात कसे हेच नीट कळलं नव्हतं.

जपानमध्ये ताकाफुमी मिझुनो आणि योसुके कोजिमा यांनी २०१५ साली याहून चमत्कारिक गोष्ट मांडली. त्यांनी आपल्याच वाळ्याला वाळवी खायला घातली. सापाने वाळवी मागच्या बाजूने गिळायला सुरुवात केली, डोकं तेवढं तोंडाबाहेर राहिलं, आणि मग त्याने मुस्कट जमिनीवर घासून ते डोकं मोडून टाकलं. डोकं तिथेच सोडून तो पुढच्या वाळवीकडे वळला. सगळ्याच वाळव्यांची डोकी तो मोडत नाही; काही अख्ख्या गिळतो. पण गिळलेली डोकी विष्ठेतून जशीच्या तशी बाहेर पडतात, म्हणजे ती पचत नाहीत. तोंडात घेतलेल्या शिकारीचा नको तो भाग तोडून बाकीचं खाणं सापांच्या जगात फार दुर्मीळ आहे. साप म्हटला की तो अख्खं गिळणार, असंच आपण शिकलो. इथे एक वीतभरही नसलेला, जवळजवळ आंधळा जीव खाण्याआधी निवड करतो. मला तरी या सापाबद्दलची ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. पुढची गोष्ट तिच्या खालोखाल.

१९७४ साली सॅम्युएल मॅक्डॉवेल या अमेरिकी सर्पतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की संग्रहालयातल्या बाटल्यांतून या जातीच्या माद्याच मिळतात, नर मिळत नाहीत. १९८० मध्ये रोनाल्ड नुसबॉम यांनी सेशेल्स बेटांवरचे वाळे तपासून त्याला दुजोरा दिला. आणि १९८७ मध्ये तीन संशोधकांनी वाळ्याच्या पेशीतली गुणसूत्रं मोजली, तेव्हा गुपित उघडं झालं. तुमच्या-माझ्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून, एक बापाकडून. वाळ्याच्या पेशीत तीन संच आहेत, एकूण ४२ गुणसूत्रं. तीन संचांची दोन सारख्या वाटण्यांत विभागणी होत नाही, म्हणून असा जीव नेहमीच्या पद्धतीने संतती देऊ शकत नाही. फार पूर्वी कधीतरी दोन वेगवेगळ्या जातींच्या संकरातून ही मादी जन्माला आली असावी. तिच्या वंशाने मार्ग काढला तो असा, की अंड्यात अर्धा वाटा घालायचाच नाही, स्वतःचा पूर्ण वाटा घालायचा. मग बापाच्या वाट्याची गरजच उरत नाही. याला अनिषेकजनन म्हणतात. अजगरासारख्या काही सापांत ते अपवादाने घडतं. पण ज्या जातीचं सगळं घराणंच त्यावर चालतं, असा ज्ञात साप हा एकच.

बिद्रीच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. सरीत लावलेला को ८६०३२ ऊस बियापासून येत नाही, कांडीपासून येतो. म्हणून शेतातला प्रत्येक ऊस मूळ उसाची हुबेहूब प्रत असतो. वाळ्याची मादी हेच अंड्यातून साधते. एका वेळी दोन ते आठ लांबट, पांढरी, चिमुकली अंडी घालते. प्रत्येकातून मुलगीच निघते, आणि त्या मुलीत आईचेच तीन संच.

आता दुनिया फिरण्याचं कोडं सुटतं. नर-मादीच्या जातीला नवी जागा वसवायची तर दोघे एकाच जहाजात हवेत, वेळेवर भेटायला हवेत. वाळ्याला एक कुंडी पुरते. कुंडीतल्या मातीत एक मादी असली आणि त्या मातीत मुंग्या असल्या, की पुढचं सगळं तिच्या एकटीच्या हातात. नारळाची रोपं, शोभेची झाडं, बागेची माती यांच्याबरोबर ती जहाजांतून गेली. हवाई बेटांवर मूळचा एकही जमिनीवरचा साप नव्हता. १९३० मध्ये होनोलुलूतल्या एका शाळेच्या आवारात वाळा सापडला. फिलिपिन्सहून आणलेल्या रोपांच्या मातीतून तो आल्याचं मानलं जातं. १९७० च्या दशकात तो फ्लोरिडात मायामीला पोहोचला. आज तो मेक्सिको, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, कॅरिबियन बेटं, जपानची दक्षिणेकडची बेटं अशा ठिकाणी आहे. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर. मूळ घर मात्र आपल्याच बाजूचं, दक्षिण आशियातलं.

या प्रवासाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ज्या बेटांवर हा पाहुणा जातो तिथे त्याच खाण्यावर जगणारे स्थानिक जीव असतात. बार्बाडोस बेटावर जगातला सर्वांत लहान साप राहतो, लांबी जेमतेम १० सेंटिमीटर. २००८ मध्ये ब्लेअर हेजेस यांनी त्याचं वर्णन केलं. पुढे तो जवळजवळ दोन दशकं दिसलाच नाही. मार्च २०२५ मध्ये एका दगडाखाली पुन्हा सापडला, तेव्हा ओळख पटवायला सूक्ष्मदर्शक लागला, कारण त्या बेटावर आता आपला वाळाही आहे आणि दोघे नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात.

शास्त्राच्या वहीत वाळ्याची पहिली नोंद विशाखापट्टणमची. ईस्ट इंडिया कंपनीचे स्कॉटिश डॉक्टर पॅट्रिक रसेल यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप गोळा करून १७९६ मध्ये मोठा सचित्र ग्रंथ काढला. घोणशीच्या इंग्रजी नावात अजूनही हेच रसेल आहेत. त्यांनी गावकऱ्यांकडून ऐकलेलं तेलुगू नाव वाळ्यालाही जोडलं. १८०३ मध्ये पॅरिसच्या फ्रांस्वा दोदाँ यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. दोदाँ लहानपणीच्या आजाराने पायांनी अधू झाले होते आणि त्यांच्या ग्रंथांची चित्रं त्यांची पत्नी अदेल काढीत असे. भारत न पाहिलेल्या या माणसाने दिलेलं जातीचं नाव दोनशे वर्षांनंतरही टिकून आहे.

वाळ्याचा घराणेवृक्ष मात्र माणसाच्या कोणत्याही वहीपेक्षा जुना आहे. आंधळ्या सापांची शाखा इतर सापांपासून दहा कोटी वर्षांहून आधी वेगळी झाली, जेव्हा भारत, आफ्रिका, मादागास्कर आणि ऑस्ट्रेलिया एकाच गोंडवन भूखंडाचे भाग होते किंवा नुकते सुटत होते. दख्खनच्या पठारावर वाळ्याचा एक थोरला भाऊबंद राहतो, चोंच वाळा. टोकदार मुस्कटाचा, दोन फुटांपर्यंत वाढणारा. त्याच्या जनुकांचा अभ्यास केला, तर त्याचे जवळचे नातेवाईक आफ्रिकेत निघतात.

आणि या चिवट जीवाचा एक किस्सा. पूर्व तिमोरमध्ये संशोधकांना एक भेक दिसला, पावसाळ्यात आपल्या अंगणातही येतो तोच, खडबडीत कातडीचा. त्याच्या मागच्या बाजूने एक वाळा बाहेर येत होता, जिवंत. भेकाने गिळलेला हा साप त्याच्या जठरातून, आतड्यातून सगळा प्रवास करून बाहेर पडला होता. तो पुढे काही तासांनी मेला, पण पचला नाही. २०१३ मध्ये ही नोंद छापून आली. घट्ट खवले, लहान तोंड आणि थोड्या हवेवर भागवण्याची सवय, एवढ्यावर त्याने तो प्रवास काढला असावा.

वाळ्याच्या अमेरिकी भाऊबंदाची एक नोंदही विसरता येत नाही. टेक्सासमध्ये एका जातीची घुबडं आंधळे साप जिवंत उचलून घरट्यात आणतात. काही पिल्लांच्या पोटात जातात, पण काही घरट्यातल्या कचऱ्यात शिरून तिथल्या किड्यांच्या अळ्या खात राहतात. असे साप असलेल्या घरट्यातली पिल्लं जास्त वेगाने वाढली आणि कमी दगावली, असं १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

आपल्याकडे वाळ्याबद्दलची सर्वांत चिवट समजूत म्हणजे तो झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो. त्याला ओली माती, अंधार आणि मुंग्यांची अंडी हवीत. माणसाच्या कानात यातलं खायचं काहीच नाही. पावसात बिळं पाण्याने भरली की तो कोरडी जागा शोधत वर येतो, मोरीच्या पाइपातून घरात येतो, आणि फरशीवर त्याला ना पकड मिळते ना वाट. आपल्याला जो "अंगावर आला" वाटतो, तो खरं तर सुटायची धडपड करत असतो. सुपलीवर किंवा कागदावर घेऊन परड्यात सावलीतल्या ओल्या मातीत सोडला, की दोन मिनिटांत तो दिसेनासा होतो. मीठ टाकू नये, गरम पाणी ओतू नये.

सापांची ओळख शाळेतच व्हावी, हा विचार कोल्हापूर जिल्ह्याला नवा नाही. चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत बाबूराव टक्केकर या शिक्षकाने शाळेतच साप दाखवायला आणि शिकवायला सुरुवात केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं तिथे सापांना न घाबरता ओळखायला शिकली. त्यासाठी मोठं सर्पोद्यान हवंच असं नाही. कागल, भुदरगड, राधानगरीच्या कोणत्याही शाळेच्या आवारात पावसाळ्यात वाळा सापडतोच. शिक्षकांनी कपाटातलं भिंग बाहेर काढावं, पांढऱ्या ताटलीत दहा मिनिटं मुलांना तो काटा, ते ठिपक्यांसारखे डोळे आणि ती दुभंगलेली जीभ दाखवावी, आणि नंतर जिथे सापडला तिथेच त्याला सोडायला मुलांनाच बरोबर न्यावं.